मीटर मिळाले, किलो हरवले

आमच्या चेंबूरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रविवारी सकाळी सहसा पार्किंगवरून जुंपते. २२ जून २०२५ च्या रविवारी मात्र विषय होता फोर्दो. त्या पहाटे, आपल्याकडे चार वाजून गेले होते तेव्हा, अमेरिकेच्या बी-२ विमानांनी इराणमधल्या एका डोंगराच्या पोटातल्या अणुकेंद्रावर बॉम्ब टाकले होते. पुढचे चार-पाच दिवस ग्रुपवर ॲनिमेशनचा पाऊस पडला. त्यातलं एक खरंच बघण्यासारखं होतं. डोंगर उभा चिरलेला, आत बोगदे. वरून एक लांबलचक बॉम्ब येतो, हवा खेळवायला ठेवलेल्या उभ्या भुयारात बरोब्बर शिरतो आणि तळाशी जाऊन फुटतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्याखाली लिहिलं, "याला म्हणतात नेम!"

काका मर्चंट नेव्हीत होते. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढणाऱ्या शेवटच्या पिढीतले. त्यांना नेमाचं कौतुक वाटणारच. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मलाही वाटलं. पण त्या कौतुकावरून काका थेट पुढच्या पायरीवर गेले: आता नेम इतका पक्का झाला आहे की कुठलंही अणुकेंद्र, कितीही खोल असो, शेजारच्या वस्तीला धक्का न लावता संपवता येतं. मग करार, निरीक्षक, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या व्हिएन्नातल्या बैठका हे सगळं कशाला? हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. नेम "कुठे" या प्रश्नाचं उत्तर देतो. अणुबॉम्बच्या बाबतीत विचारायचे प्रश्न "किती" आणि "कुणाच्या ताब्यात" हे असतात. जूनच्या त्या हल्ल्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर चोख मिळालं आणि उरलेल्या दोघांचं हातात होतं तेही गेलं.

आधी कौतुक मन लावून करून घेऊ, कारण ते खोटं नाही. जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि मुळात एकच काम करतात: वेळ सांगतात. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यातल्या फरकावरून तुमचा फोन अंतर काढतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाने चुकलं की जागा एका फुटाने चुकते. त्यात आइन्स्टाइन आडवा येतो. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून घड्याळ पुढे जातं, वेगामुळे थोडं मागे पडतं, आणि दोन्ही मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं. ही दुरुस्ती केली नाही तर दिवसाला ११ किलोमीटरची चूक साचेल. वर्गात मी सांगते, चर्चगेटला उभा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी नकाशावर दादरच्याही पुढे गेलेला दिसेल. मुलांना सापेक्षतावाद तिथेच पहिल्यांदा खरा वाटतो. चार उपग्रह लागतात, कारण अज्ञात गोष्टी चार: तीन दिशा आणि चौथी आपल्या स्वस्त घड्याळाची चूक.

२००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम गढूळपणा मिसळत असे. सामान्य माणसाला १०० मीटरच्या आसपासची अचूकता मिळे, लष्कराला पुष्कळ चांगली. २ मेच्या मध्यरात्री तो गढूळपणा बंद केला गेला. आज आपण "लोकेशन पाठव" म्हणतो ते त्या रात्रीमुळे. बॉम्बच्या शेपटीला बसवायचं जीपीएसचं उपकरण त्याआधीच, १९९९ च्या युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्यांत, वापरात आलं होतं. संदेश कुणी जॅम केला तरी त्यातले दिशेचा बदल ओळखणारे जायरोस्कोप "इतका वेळ, इतक्या वेगाने, या दिशेला" असा हिशेब पुढे चालू ठेवतात. काकांच्या भाषेत डेड रेकनिंग. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राला जॅमिंगने भरकटवता येतं. उंचावरून सोडलेला बॉम्ब मिनिटभराच्या आत-बाहेर खाली पोचतो, तेवढ्यात त्याचं फारसं बिघडत नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण वर्तमानपत्रं ती नेहमी चुकवतात. बॉम्बची अचूकता पाच मीटर, असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, पाच मीटरच्या आतच पडणार. लष्करी परिभाषेत त्याचा अर्थ असा की निम्मे बॉम्ब पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पडतील. उरलेले निम्मे बाहेर. किती बाहेर, हे त्या आकड्यात नसतं.

फोर्दोवर नेमाची खरी कमाई वेगळीच होती. तिथे टाकलेला जीबीयू-५७ हा बॉम्ब सुमारे १३,६०० किलोंचा, आणि तो जमिनीत ६० मीटरपर्यंत घुसतो असं सांगितलं जातं. फोर्दोची सेंट्रिफ्यूजची, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या गरगरत्या यंत्रांची, दालनं ८० ते ९० मीटर खोल असल्याचा अंदाज आहे. कोस्टल रोडने गिरगाव चौपाटीकडून प्रियदर्शिनी पार्ककडे जाताना आपण मलबार हिलच्या खालून जातो. तिथे बोगदा सर्वांत खोल जागी ७० मीटरच्या आसपास आहे. त्याच्याही खाली पाच-सहा मजले उतरायचे. एका बॉम्बच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. म्हणून सात विमानांनी आणलेल्या १४ बॉम्बपैकी १२ फोर्दोवर पडले, आणि अमेरिकेच्या सर्व सेनादलांच्या प्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल केन यांनी सांगितल्याप्रमाणे हवेच्या दोन भुयारांत सहा-सहा, एकामागोमाग एक. इराणने आयत्या वेळी भुयारांवर काँक्रीटची झाकणं बसवली होती. पहिल्या बॉम्बने झाकण उडवायचं, पुढच्यांनी आत शिरायचं. ताकद कमी पडते तिथे त्याच जागी पुन्हा पुन्हा मारायचं, हे खाणीतल्या पाथरवटाला कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेने ते कित्येक किलोमीटर उंचीवरून केलं. कौतुक झालं.

आता हा आकडा बघा: ४४०.९ किलो. १३ जूनला इस्रायलने हल्ले सुरू केले त्या दिवशी इराणकडे ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेलं, म्हणजे त्यातला ऊर्जा देणारा युरेनियम-२३५ हा भाग तेवढा वाढवलेलं, युरेनियम एवढं होतं, हा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिशेब. वीज बनवणाऱ्या नेहमीच्या अणुभट्टीला तीन ते पाच टक्के पुरतात, तेव्हा ६० टक्क्यांचं समर्थन मी करणार नाही. इराणचे हेतू स्वच्छ आहेत असं मानायला माझ्याकडे काही आधार नाही. संस्थेच्याच मापाने एवढा साठा आणखी समृद्ध केला तर साधारण दहा बॉम्बना पुरेल. पण त्या आकड्यातल्या दशांशचिन्हापुढच्या नवाकडे मात्र बघाच. एका अविश्वासू देशाच्या डोंगराखाली काय आहे हे जगाला शंभर ग्रॅमच्या हिशेबात मांडता येत होतं. कुठल्याही उपग्रहाला हे दिसलं नव्हतं. गळ्यात बिल्ला अडकवून जिने उतरणाऱ्या, नळकांडी तोलणाऱ्या, सील तपासणाऱ्या निरीक्षकांच्या वह्यांतून तो आकडा आला होता.

हल्ल्याच्या तीन दिवस आधी, १९ जूनला, फोर्दोच्या दारात १६ मालवाहू ट्रक उभे असल्याचं उपग्रहचित्रांत दिसलं. त्यांनी काय नेलं? माती आणली, यंत्रं हलवली की युरेनियम? हे युरेनियम ज्या नळकांड्यांत ठेवतात ती पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीच्या आकाराची असतात. मोटारीच्या डिकीत मावतील. जुलैच्या सुरुवातीला इराणने संस्थेशी सहकार्य थांबवण्याचा कायदा केला आणि दोन दिवसांत निरीक्षक तेहरानमधून निघाले. त्यानंतरच्या अहवालांत संस्थेने कबूल केलं की त्या साठ्याबद्दलच्या माहितीची साखळी तुटली आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले, सगळं नेस्तनाबूत झालं. त्यांच्याच लष्करी गुप्तचर खात्याचा सुरुवातीचा अंदाज होता, कार्यक्रम काही महिने मागे गेला. जुलैत पेंटागॉनचा प्रवक्ता म्हणाला, दोन वर्षांच्या जवळपास. काही महिने, दोन वर्षं, कायमचं: बॉम्ब कुठे पडला याबद्दल मीटरची शंका नाही आणि त्याने काय झालं याबद्दल एवढी तफावत.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, पण नेम तर बरोबर लागला ना?" लागला. बेलग्रेडमध्येही लागला होता.

७ मे १९९९ च्या रात्री याच बी-२ विमानाने, याच जीपीएसने, पाच बॉम्ब बेलग्रेडमधल्या एका इमारतीवर टाकले. पाचही दिलेल्या जागी लागले. ती इमारत चीनची वकिलात निघाली. तीन चिनी पत्रकार मेले. निशाणा होता तीनेकशे मीटरवरची युगोस्लाव्हियाच्या लष्करी खरेदी खात्याची इमारत. चूक कशी झाली ते सीआयएच्या संचालकांनी नंतर अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितलं, आणि मुंबईत पत्ता शोधलेल्या कुणालाही ते चटकन कळेल. पत्त्याचा क्रमांक माहीत होता, पण नकाशावर ती इमारत सापडेना. मग समांतर रस्त्यांवरच्या इमारतींच्या क्रमांकांवरून अंदाज बांधून जागा ठरवली. वकिलात काही वर्षांपूर्वीच नव्या जागेत गेली होती, पण नकाशे जुनेच होते. टिळकनगरमध्ये २४ नंबरच्या इमारतीशेजारी २५ नंबर असेल असं समजून जो चालायला लागतो त्याचं काय होतं हे आपण जाणतो. तो फार तर घामाघूम होतो.

दुसरी घटना ५ डिसेंबर २००१ ची, कंदाहारच्या उत्तरेची. जमिनीवरच्या अमेरिकी सैनिकाने शत्रूची जागा जीपीएस यंत्रात घेतली, तेवढ्यात बॅटरी संपली. त्याने नवी घातली. यंत्र पुन्हा सुरू झालं ते स्वतःची जागा दाखवत, कारण त्याची रचनाच तशी होती. त्याने पडद्यावर दिसले ते आकडे कळवले. सुमारे ९०० किलोंचा बॉम्ब बिनचूक त्यांच्याच तळावर आला. तीन अमेरिकी आणि बरोबरचे काही अफगाण सैनिक मेले, हमीद करझाई थोडक्यात बचावले. या दोन्ही ठिकाणी उपग्रहांनी, घड्याळांनी, जायरोस्कोपांनी काडीचीही चूक केली नव्हती.

ही उदाहरणं दिली की एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: नेम नव्हता तेव्हा काय होतं? दुसऱ्या महायुद्धात एका कारखान्यासाठी अख्खं शहर जाळत. फोर्दोबाहेर किरणोत्सर्ग वाढल्याचं अणुऊर्जा संस्थेला आढळलं नाही. हे मला मान्य आहे. नेम चांगला असणं हे वाईट नेमापेक्षा केव्हाही बरं. माझी तक्रार त्या नेमामुळे राज्यकर्त्यांना चढणाऱ्या आत्मविश्वासाबद्दल आहे. हत्यार बोथट असतं तेव्हा वापरणारा दहा वेळा विचार करतो. धार लावून दिली की तोच माणूस त्याला शस्त्रक्रिया म्हणू लागतो. त्या जून महिन्यात १९ तारखेला इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने बुशेहरवर हल्ला केल्याचं सांगून टाकलं आणि मग ते विधान चुकीचं होतं म्हणून मागे घेतलं. बुशेहर ही चालू अणुभट्टी आहे, आखाताच्या काठावर. ज्या समुद्राचं पाणी गोडं करून पलीकडच्या कुवेत, दोहा, दुबईतली माणसं पितात त्याच्या काठावर. चेंबूर-मानखुर्दमधल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिकडे आहे. बोलण्यात झालेली चूक होती म्हणून बरं.

आणि खोलीचं काय? ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली तेव्हा जीपीएस वापरात नव्हतं. आठ एफ-१६ विमानं, सोळा साधे बॉम्ब, वैमानिकाची नजर. घुमट जमिनीवर होता, दिसत होता, पडला. सद्दामने त्यातून घेतलेला धडा असा की यापुढे घुमट बांधायचा नाही. पुढची दहा वर्षं इराकचा कार्यक्रम गुपचूप आणि अनेक ठिकाणी विखरून वाढला. १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले तेव्हा त्याचा आवाका कळला, आणि तो मोडून काढला तोही निरीक्षकांनीच. इराणने हे शेजारी बसून पाहिलं आणि डोंगर निवडला. २००९ साली फोर्दो जगापुढे आलं. आज नतान्झ या इराणच्याच आणखी एका अणुकेंद्राजवळच्या डोंगरात त्याहूनही खोल खोदकाम चालल्याचं उपग्रहचित्रं दाखवतात. बॉम्ब जितका खाली पोचतो त्याच्या दहा मीटर खाली पुढचं दालन, अशी ही शर्यत आहे, आणि खोदणं नेहमीच स्वस्त पडतं. बोगद्यात फोनवरचा निळा ठिपका जसा गोठतो तसं सगळ्यांचंच ज्ञान तिथे गोठतं.

हे सगळं इराणपुरतं असतं तर मी ग्रुपवर गप्प बसले असते. पण माझ्या गच्चीतून ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९५६ ची अप्सरा, १९६० ची सायरस, १९८५ ची ध्रुव, सगळ्या तिथल्याच. अलीकडे माहुलच्या रिफायनऱ्या, खताचा कारखाना, आणि मधल्या प्रत्येक फटीत माणसं. वाशी नाका, गोवंडी, मानखुर्द, अणुशक्तीनगर. इथे पाच मीटरची अचूकता म्हणजे काय आणि पन्नास मीटरची म्हणजे काय, हा फरक फार काळ कुणाच्या उपयोगी पडणार नाही.

आपल्याला नेम नको असं मी म्हणत नाही. स्वतःची घड्याळं आकाशात असायलाच हवीत. नाविकची, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या स्वतःच्या उपग्रहव्यवस्थेची, कथा मात्र दमवणारी आहे: परदेशातून आणलेली रुबिडियमची घड्याळं बंद पडली, २०१७ मध्ये एका उपग्रहाचं कवच उघडलंच नाही, जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ झडप न उघडल्याने ठरलेल्या कक्षेत गेला नाही. २०२५ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितलं की जागा दाखवण्याचं काम चार उपग्रह करताहेत. चार म्हणजे काठावर पास. त्यात आता फसव्या संदेशांचा उपद्रव. सीमेजवळ, अमृतसर-जम्मूकडे, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात विमानांच्या जीपीएसमध्ये गडबड झाल्याच्या ४६५ नोंदी आहेत, आणि डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरात मुंबई विमानतळाचंही नाव होतं. यावर खर्च करा, घड्याळं इथे बनवा, बोंब मारून विचारा की उशीर का होतो.

फक्त ट्रॉम्बेचं रक्षण त्याने होतं असं समजू नका. इतकी वर्षं ते ज्याने झालं तो एक कागद आहे. ३१ डिसेंबर १९८८ ला इस्लामाबादमध्ये, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या भेटीत, भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्याचं दुसरं कलम मला फार आवडतं. दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देशांनी आपापल्या अणुकेंद्रांचे अक्षांश आणि रेखांश एकमेकांना कळवायचे. संशोधनासाठीच्या अणुभट्ट्याही व्याख्येत येतात. १९९२ पासून एकही वर्ष चुकलेलं नाही. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, २६/११ झालं, पुलवामा-बालाकोट झालं. मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्हीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडाली. आणि १ जानेवारी २०२६ ला दिल्लीत आणि इस्लामाबादमध्ये पस्तिसाव्यांदा याद्या दिल्या-घेतल्या गेल्या.

काकांनी हे वाचून लिहिलं, "म्हणजे आपण दर वर्षी शत्रूला स्वतःच्या घराचं लोकेशन पाठवतो?"

हो. अक्षांश-रेखांश म्हणजे निशाणा असंच आपल्याला वाटतं, कारण ॲनिमेशनमध्ये तेच दाखवतात. पण काकांनीच आयुष्यभर ज्या सागरी नकाशांवर जहाजं हाकली त्यांत खडकांचे अक्षांश-रेखांश छापलेले असतात ते कशासाठी? खडकावर जाऊन आदळायला नव्हे.

ते एवढ्यावर ऐकणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि त्यांनी एखादं केंद्र यादीत लपवलं तर?" लपवत असतील. आपणही काय काय कळवतो ते मला ठाऊक नाही, याद्या जाहीर होत नाहीत. पण जे केंद्र कळवलंच नाही ते टाळण्याची जबाबदारी समोरच्यावर कशी टाकणार? मे २०२५ मध्ये पाकिस्तानातल्या किराना टेकड्यांवर आपण हल्ला केला अशी आवई उठली होती. एअर मार्शल भारतींना पत्रकार परिषदेत त्याबद्दल विचारलं तेव्हा ते हसू आवरत म्हणाले, किराना टेकड्यांत अणूचं काही आहे हे सांगितल्याबद्दल आभारी आहोत, आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि तिथे जे काही असेल त्याला आम्ही हात लावलेला नाही. ती क्लिप काकांनीच तेव्हा ग्रुपवर टाकली होती, तीन हसऱ्या चेहऱ्यांसकट.